आमची पायपेटी

'पायपेटी' हा शब्द आतांच्या वाचकांस कितपत परिचित असेल याची आम्हांस शंका आहे. एका हातानें भाता हलवून दुसऱ्या हातानें वाजवावयाची ती पेटी. आणि पायांनीं भाता चालवून दोन्ही हात सुरांसाठीं मोकळे ठेवावयाचे ती पायपेटी. संगीत नाटकांच्या ऐन भरांत ती रंगमंचापुढें असे, आणि मिशनच्या जुन्या उपासनामंदिरांतहि असे. आम्ही ज्या बोर्डिंगांत वाढलों तेथें अशी एक घडीची पायपेटी होती. तिचा भाता उंदरांनीं कुरतडलेला असल्यामुळें सुराबरोबर थोडा वाराहि ऐकूं येई. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय ती पेटी नव्हे. गेल्या वर्षीं विद्यार्थ्यांनीं व आम्हीं मिळून धातूची एक लहानशी पेटी तयार केली. तीहि पायानेंच चालते, म्हणून आमच्या तोंडून ऐकलेलें हें जुनें नांव मुलांनीं तिला देऊन टाकलें. तिची हकीकत येथें सांगावयाची आहे. तींत आमचा एक दोष उघड होतो; पण तो झांकला तर हकीकतच उरत नाहीं.

शाळेच्या एका माजी विद्यार्थ्यानें आपली विजेची गिटार शाळेस भेट दिली, तेथून या प्रकरणास आरंभ झाला. तंबोरा आणि ही गिटार यांत मोठा भेद आहे. मिरजेचे कारागीर तंबोऱ्यास जो भोपळा लावतात तो पुष्कळ वेळां आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यांत, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूस पिकलेला असतो, आणि तो भोपळा तारेबरोबर स्वतः गातो. विजेच्या गिटारीचें अंग भरीव लांकडाचें. तें एकटें फारसें ऐकूं येत नाहीं. तिच्या तारांखालीं चुंबक व त्याभोंवतीं तांब्याच्या बारीक तारेचें वेटोळें असतें. तार कांपली कीं वेटोळ्यांत अतिसूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतो, आणि तो प्रवर्धकांत मोठा होऊन आपल्या कानीं येतो. हा प्रवाह वाटेंत अडवून त्याचें रूप पालटतां येतें. त्याची लाट मूळची गोलाईची. ती इतकी वाढवावयाची कीं ट्रान्झिस्टरच्या मर्यादेस आपटून तिचे माथे सपाट व्हावे. मग मूळ स्वराबरोबर पुष्कळ उपस्वर उठतात, आणि आवाज जाड, भरड, कांहींसा कर्कशहि होतो. त्यास 'फझ' असें म्हणतात.

आमच्या मंडळींतील एका वडील बंधूंनीं विचारलें, "चांगला आवाज बिघडविण्यासाठीं पैसे कां खर्चावे?" प्रश्न गैरवाजवी नव्हता. हा आवाज जन्मला तोच मुळीं बिघाडांतून. १९६१ सालीं प्रसिद्ध झालेल्या, मार्टी रॉबिन्स यांच्या एका गीताचें ध्वनिमुद्रण अमेरिकेंतील नॅशव्हिल येथें चाललें असतां यंत्राचा एक भाग नादुरुस्त झाला, आणि गिटारीचा आवाज फाटून उमटला. तो टाकून न देतां तसाच ठेवला, आणि लोकांस आवडला. पुढें ग्लेन स्नॉडी या ध्वनिमुद्रकानें तोच बिघाड हवा तेव्हां घडवून आणणारें विद्युन्मंडल तयार केलें, व गिब्सन कंपनीनें १९६२ मध्यें तें 'मास्ट्रो फझ-टोन' या नांवानें विक्रीस काढलें. आम्हीं वडील बंधूंस इतकेंच म्हटलें कीं, तुणतुण्याच्या आवाजास गोड कोण म्हणतो? तरी त्यावांचून आपल्याकडे गोंधळ उभा राहत नाहीं. ते हंसले, पटलें असें मात्र म्हणाले नाहींत.

बाजारांतील तयार पेटीची किंमत ऐकून शाळेच्या संगीतखात्याचे डोळे पांढरे झाले. तेव्हां घरींच करावी असें ठरलें. १९६६ मध्यें लंडनमध्यें निघालेल्या 'फझ फेस' या पेटीचें मंडल अगदीं साधें आहे: दोन ट्रान्झिस्टर, चार रोधक, तीन धारित्रें, आवाज कमीजास्त करण्याचे दोन खटके आणि पायाखालचें एक बटण. हें सर्व सामान आम्हीं पुण्यास गेलों असतां बुधवार पेठेंतील पासोड्या विठोबाच्या बाजूच्या दुकानांतून आणलें. मंडल जोडण्याचें काम नववींतील एका विद्यार्थ्याकडे दिलें. गिटारहि तोच वाजवितो. त्याचे वडील बाजारपेठेंत पत्र्याच्या ट्रंका व धान्याच्या कोठ्या करतात. त्यामुळें डाख कसा द्यावा हें त्यास कोणीं शिकवावें लागलें नाहीं. तापलेल्या टोंकास कथील कधीं लावावें आणि हात कधीं काढावा हें त्याच्या बोटांस ठाऊक आहे. आम्ही पदवीधर; आमच्या हातचे टांके मात्र वाटाण्यासारखे फुगतात.

पहिलें मंडल आम्हीं आमच्या घरच्या एका प्लॅस्टिकच्या डब्यांत बसविलें. डबा परवानगीनें घेतला होता; परत मात्र अद्यापि केलेला नाहीं. गिटार जोडतांच स्वराआधीं एक घरघर सुरू झाली. याचें कारण सांगण्यासारखें आहे. आपल्या घरांतील विजेचा प्रवाह दर सेकंदास ५० आवर्तनें करतो. भिंतींतील तारा, पंखे, दिवे या सर्वांभोंवतीं त्याचें क्षेत्र पसरलेलें असतें. तें उघड्या मंडलांत शिरतें. आणि मंडल बापडें त्यासहि स्वरच समजून कित्येक पटींनीं मोठें करून दाखवितें. प्लॅस्टिक त्यास अडवीत नाहीं, धातु अडवितो.

येथें आम्हांस वर्गांत नेहमीं सांगण्याची गोष्ट पुन्हां सांगावयाची संधि मिळाली. मायकेल फॅरडे यानें १८३६ सालीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें बारा फूट लांब, रुंद व उंच अशी एक खोली उभारून ती धातूच्या तारांनीं व वर्खानें मढविली, बाहेरून तिला प्रचंड विद्युद्भार दिला, आणि आपण उपकरणें घेऊन आंत जाऊन बसला. बाहेर ठिणग्या उडत होत्या. आंत उपकरणांस त्याचा पत्ता नव्हता. हा फॅरडे लोहाराचा मुलगा होता, शाळा त्यानें थोडी पाहिली, चवदाव्या वर्षीं तो पुस्तकें बांधणाऱ्याकडे उमेदवार म्हणून राहिला, हेंहि आम्ही दर वर्षीं मोठ्या रसानें सांगतों. या वर्षींहि सांगितलें. एक गोष्ट मात्र मुलांस बजावून सांगितली: आपल्या पेटींत पत्रा नुसता भोंवतीं असून भागत नाहीं, तो मंडलाच्या ऋण बाजूशीं, म्हणजे व्यवहारांत ज्यास 'अर्थ' म्हणतात तिच्याशीं, जोडलेला असावा लागतो. गिटारीची तार ज्या जॅकमध्यें खुपसावयाची त्याची धातूची मान पत्र्यास टेकली कीं हा संबंध आपोआप होतो. आपोआप, हा शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावा.

आतां धातूची पेटी. परदेशीं अशा पेट्या अल्युमिनियमच्या ओतीव मिळतात. आम्हांस ती पत्र्याचीच करणें भाग होतें. कथलाचा पातळ पत्रा पायाखालीं चेपला जातो, म्हणून २ मिलिमीटर जाडीचा अल्युमिनियमचा पत्रा आणला. आमची कल्पना अशी कीं लोखंडी अँगलवर ठेवून हातोडीनें ठोकला म्हणजे तो वाकेल. पहिला तुकडा कोपऱ्यावर तडकला. दुसराहि तडकला. तेव्हां आम्ही मुलाच्या वडिलांकडे गेलों. त्यांनीं तडकलेला कोपरा अंगठ्यानें चांचपून पाहिला व म्हणाले, "गुरुजी, ह्यो पत्रा असा वाकायचा न्हाई. आधी मऊ करावा लागंल." मग त्यांनीं वाकवावयाच्या रेघेवर धुण्याचा साबण घांसला आणि उलट बाजूनें ज्योत फिरविली. साबण काळा पडतांच ज्योत बाजूस केली. अल्युमिनियम लोखंडासारखें तापून लाल होत नाहीं; तें ६६० अंशांवर, कांहीं सूचना न देतां, एकदम वितळूं लागतें. म्हणून डोळ्यांस खूण हवी, आणि ती साबण देतो. निवाल्यावर तोच पत्रा त्यांनीं लांकडी हातोडीनें, कागद दुमडावा तसा दुमडला. दोन भाग, प्रत्येक चौरस कमानीसारखा. एक दुसऱ्यांत बसणारा. लांबी १२० मिलिमीटर, रुंदी ९५, उंची ५०. पैशांची गोष्ट काढली तेव्हां त्यांनीं हात जोडले.

भोकें पाडण्याचें काम शाळेंतच झालें. दोन जॅकचीं, दोन खटक्यांचीं, पायबटणाचें आणि लहान दिव्याचें, अशीं सहा. आधीं खिळ्यानें खूण ठोकून मग गिरमिट लावावें, एवढा नियम पाळला म्हणजे गिरमिट घसरत नाहीं. हा नियम पांच भोकांपुरता पाळला. पेटीवर बाहेरून निळा तेलरंग दिला, मंडल बसविलें, आणि काय सांगावें! घरघर नाहीशी. पाय दिला कीं भरड आवाज, काढला कीं साधा, मध्यें शांतता. त्या संध्याकाळीं मुलें दिवे लावावयाच्या वेळेपर्यंत घरीं गेलीं नाहींत.

पण तेलरंग आठवड्यांत बुटांनीं खरवडला गेला. तेव्हां कोणीं सुचविलें कीं सोलापुरास पावडर कोटिंग करून आणावें. हा प्रकार आपण रोज पाहतों. लोखंडी कपाटें, खिडक्यांच्या चौकटी, पंख्यांचीं पातीं यांवर जो गुळगुळीत कठीण थर असतो तो बहुधा हाच. यांत ओला रंग मुळींच नसतो. १९५० नंतरच्या दशकांत जर्मनीमध्यें एर्विन गेमर यांनीं तापविलेली वस्तु हवेनें उसळत्या ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या भुकटींत बुडवून थर चढविण्याची रीत काढली. पुढें विजेच्या पिचकारीची रीत आली, आणि आतां सर्वत्र तीच चालते. मात्र भट्टीची उष्णता सुमारें २०० अंश, आणि आमच्या डाखाचें कथील-शिसें १८३ अंशांवरच वितळूं लागतें. म्हणून सर्व सामान काढून रिकामी पेटी न्यावी लागली. मुलानें चार तारा सोडविल्या, प्रत्येकीस चिठ्ठी बांधली, आणि मंडल एका वहीच्या पुठ्ठ्यावर टांचून ठेवलें.

एका शनिवारीं पेटी रुमालांत बांधून आम्ही एस्. टी. नें निघालों. तुळजापुरास गाडी भरली, शेजारच्या बाईंनीं मांडीवरील गांठोडें पाहून "नैवेद्य का?" असें विचारलें. आम्हीं "नाहीं, पेटी आहे" म्हटल्यावर त्या हार्मोनियम शोधूं लागल्या.

सोलापूरच्या कारखान्यांतील कारागीर तरुण होता व बोलका होता. त्यानें आमची पेटी आधीं रसायनाच्या पाण्यांत धुऊन सुकविली, स्क्रूच्या भोकांत रबरी बुचें घातलीं, आणि ती आंकड्यास टांगली. आंकडा अर्थिंगशीं जोडलेला असतो. पिचकारींतून निघणाऱ्या भुकटीस साठ-सत्तर हजार व्होल्टांचा भार दिलेला असतो. त्यामुळें भुकटीचा कण न् कण त्या टांगलेल्या धातूकडे धांव घेतो व चिकटून बसतो. मागच्या बाजूसहि वळून बसतो. डोळ्यांदेखत पेटी निळ्या धुळीनें माखली. मग तो आम्हांस म्हणाला, "आतून नको ना, सर? आत कोण बघतंय?"

हा प्रश्न त्यानें सहज विचारला. आमच्यांतील शिक्षक मात्र जागा झाला. बाहेरून स्वच्छ व आंतून अस्वच्छ अशा भांड्याविषयीं शुभवर्तमानांत जें सांगितलें आहे तें आम्हांस आठवलें, आणि आम्हीं मोठ्या गांभीर्यानें उत्तर दिलें, "आंतूनहि लावा. आंतून आधीं लावा." तो म्हणाला, "आतले कोपरे धरत नाहीत, सर. पावडर कोपऱ्यात जातच नाही. आम्ही त्याला फॅरडे केज म्हणतो." त्या नांवासरशीं आमचा आनंद गगनांत मावेना! जें आम्ही वीस वर्षें फळ्यावर शिकविलें तें हा मुलगा पिचकारी हातांत धरून सांगत होता: धातूच्या पोकळींत विद्युत्क्षेत्र शिरत नाहीं, म्हणून भुकटीहि शिरत नाहीं. आम्हीं त्यास १८३६ च्या खोलीची संपूर्ण कथा ऐकविली. त्यानें ती ऐकून घेतली, व्होल्ट कमी केले, पिचकारी फिरवून-फिरवून एकूण एक कोपरा भरला, आणि पेटी भट्टींत सोडली. पंधरा-वीस मिनिटांनीं ती बाहेर आली ती बांगडीच्या कांचेसारखी चकचकीत, आंतबाहेर निळी.

सोमवारीं मुलानें सामान पुन्हां बसविलें. थराची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनहि कमी, तरी खटक्यांचीं भोकें तेवढ्यानेंच आवळलीं होतीं. तीं त्यानें गिरमिट हातानें फिरवून मोकळीं केलीं. चारी तारांस डाख दिला. संध्याकाळीं नाताळच्या कार्यक्रमाची तालीम होती. मुख्याध्यापक, गायकवर्ग, कांहीं पालक असे सर्व बसले होते. गिटार जोडली, मुलानें पाय ठेवला, आणि घरघर सुरू झाली. स्वर ऐकूं येईना. मुलींनीं कानांवर हात ठेवले. वडील बंधूंनीं आमच्याकडे पाहिलें.

आम्हांस वाटलें, सोलापुरास जाण्यापूर्वीं पेटी निर्दोष होती. मध्यंतरीं बदललें काय? फक्त चार टांके. ते कोणाचे? हें तर्कशास्त्र आम्हीं क्षणांत पुरें केलें व सर्वांदेखत त्यास म्हणालों, "ट्रंकेला डाख देणें निराळें आणि हें काम निराळें, हें तुझ्या ध्यानांत कधीं येणार?"

तो उभा राहिला. "सर, टाके मी दोनदा बघितलेत," तो म्हणाला, आणि थोडें थांबून, "ही घरघर डब्यातली आहे, सर."

आम्हीं त्याचें म्हणणें ऐकलें नाहीं. ऐकलें, पण उद्धटपणा म्हणून ऐकलें. त्यानें गिटार भिंतीस टेकविली, तिची तार नीट गुंडाळून ठेवली आणि तो निघून गेला. दुसऱ्या दिवशीं तो शाळेंत आला नाहीं. तिसऱ्या दिवशींहि नाहीं.

तिसऱ्या रात्रीं आम्हीं पेटी घरीं उघडली. आमचा हेतु, खरें सांगावयाचें तर, त्याचा सदोष टांका शोधून काढण्याचा होता. मल्टिमीटरची एक सळई येथें, एक तेथें, असें करून प्रत्येक टांका तपासला. प्रत्येक वेळीं यंत्र वाजलें. एकहि टांका कच्चा नव्हता. ते आमच्या टांक्यांसारखे वाटाणे नव्हते, लहान, चकाकणारे, गव्हाच्या दाण्यासारखे होते. मग सहज एक सळई जॅकच्या मानेस लावली आणि दुसरी झांकणाच्या स्क्रूच्या आट्यांत, जेथें रबरी बुचामुळें धातु उघडा राहिला होता. यंत्र मुकें. पुन्हां लावली. मुकेंच.

पावडरचा थर म्हणजे एक प्रकारचें प्लॅस्टिक; त्यांतून वीज जात नाहीं. आम्हीं आंतून कोपरा न् कोपरा भरून घेतला, त्यामुळें जॅकची मान कोठेंच धातूस टेकली नव्हती. जो संबंध 'आपोआप' व्हावयाचा तो आम्हीं पैसे देऊन, भाडें खर्चून, वचनाचा आधार घेऊन तोडला होता. पेटी असून नसल्यासारखी. मंडलाच्या दृष्टीनें तो पुन्हां तोच प्लॅस्टिकचा डबा. मुलाचें वाक्य अक्षरशः खरें होतें. त्यास वर्गांतील शब्द आठवले नसतील, पण त्याच्या कानानें घरघर ओळखली होती. लोहाराच्या मुलाची गोष्ट दर वर्षीं रसानें सांगणारे आम्ही, ट्रंकवाल्याच्या मुलाचें एक वाक्य आम्हांस ऐकवलें नाहीं.

दुरुस्ती आम्हांसहि करतां आली असती. कानशीचें काम दोन मिनिटांचें. परंतु दुसऱ्या दिवशीं शाळा सुटल्यावर आम्ही पेटी घेऊन बाजारपेठेंत गेलों. मुलगा दुकानांतच होता. एका कोठीच्या झांकणाची कड वळवीत होता. आम्हांस पाहून त्यानें हातोडी खालीं ठेवली, पण वर पाहिलें नाहीं. दुकानांत दोन गिऱ्हाइकें होतीं. तीं जाण्याची वाट पाहावी असें क्षणभर मनांत आलें, हेंहि कबूल केलें पाहिजे. मग आम्हीं त्याच्या वडिलांस सांगितलें, "चूक आमची होती. याचे टांके निर्दोष आहेत. आंतून रंग आम्हींच लावून घेतला, त्यानें घरघर परत आली."

वडील कांहीं वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "पोरगं तेच म्हणत हुतं, गुरुजी. डब्यातली घरघर हाय म्हणून. तीन दिस तेच चाललंय." आणि आंतून स्टूल आणून दिलें.

मुलानें पेटी हातांत घेतली, उजेडाकडे धरून आंत पाहिलें. बराच वेळ पाहिलें. "सर, सगळीकडून लावलंय की हो," तो म्हणाला. त्याच्या आवाजांत हंसूं होतें कीं नव्हतें हें आम्हांस कळलें नाहीं. त्यानें बारीक कानस घेतली आणि दोन्ही जॅकच्या भोकांभोंवतीं आंतून रुपयाच्या नाण्याएवढी जागा घांसून धातु उघडा केला. वडिलांनीं डब्यांतून दोन दांतेरी वायसर शोधून दिले. दांते धातूंत रुततात व संबंध सुटत नाहीं. मल्टिमीटर आम्हीं बरोबर नेला होता. तो वाजला.

जें सर्वांदेखत बोललों तें दुकानांत परत घेऊन भागणारें नव्हतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं प्रार्थनेनंतर आम्हीं सर्व वर्गांपुढें उभे राहून झालेली गोष्ट सांगितली, पावडरचा थर वीज कां नेत नाहीं हेंहि सांगितलें. कांहीं लहान मुलें हंसलीं. तो मुलगा नववीच्या रांगेंत मागें उभा होता व पायाच्या अंगठ्यानें जमीन उकरीत होता.

नाताळच्या कार्यक्रमांत पेटी चालली. तिसऱ्या गीताच्या मध्यें त्यानें पाय दिला तेव्हां मागच्या बांकावरील मंडळी दचकली; मग ताल सांपडला. वडील बंधूंनीं नंतर एवढेंच विचारलें कीं, आवाज थोडा कमी करतां येतो काय? येतो, त्यासाठींच एक खटका आहे, असें आम्हीं सांगितलें, आणि मुलानें त्यांस तो फिरवून दाखविला.

पेटी आतां संगीताच्या कपाटांत असते. कोणा विद्यार्थ्यास अथवा पालकांस तशी करावयाची असेल तर येऊन पाहावी. झांकण उघडल्यास आंत निळ्या रंगांत घांसलेलीं दोन पांढरीं वर्तुळें दिसतील. त्यांच्या शेजारीं मुलानें एक कागद चिकटविला आहे. त्यावर मंडलाचा नकाशा आहे आणि खालीं त्याच्या अक्षरांत सूचना आहे कीं, कोटिंगला देण्यापूर्वीं जॅकभोंवतीं आंतून उष्णता सोसणारी चिकटपट्टी लावावी, व आंत रंग देण्याविषयीं कोणी आग्रह केल्यास ऐकूं नये.